वाचकांचे प्रश्न : फी संस्थेची, पुढची तीन वर्षे कोणाची?

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या वेळच्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात: समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी (एमएसडब्ल्यू) एखादी संस्था पैसे देते आणि त्या बदल्यात पदवीनंतर काही वर्षे आपल्याकडे काम करण्याचे लिहून घेते. बोलीत याला सगळे ‘बॉन्ड’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मला मुंबईतल्या एका महाविद्यालयात एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळाला आहे. एक विश्वस्त संस्था दोन वर्षांची मिळून १,०८,००० रुपये फी आणि दरमहा ८,००० रुपये निर्वाहभत्ता देण्यास तयार आहे. पदवीनंतर तीन वर्षे त्यांच्या प्रकल्पात काम करायचे आणि मध्येच सोडल्यास सगळी रक्कम १८ टक्के व्याजासह परत करायची, असा करार आहे. आईने जामीनदार म्हणून सही करायची आहे. ती चार घरी स्वयंपाकाचे काम करते. शिवाय दोन कोरे धनादेश मागितले आहेत. सही करावी का? (एक विद्यार्थिनी, विक्रोळी)

मदत घ्यावी, पण या कागदावर तो आहे त्या स्वरूपात सही करू नये. कराराची प्रत सोबत पाठवलीत हे फार चांगले केलेत, कारण पत्रात न आलेली गोष्ट प्रतीत दिसते. अकरा कलमांपैकी नऊ तुमच्या कर्तव्यांची आहेत, एक न्यायक्षेत्राचे आहे, आणि संस्थेने काय द्यायचे हे सांगणारे कलम एकच आहे, तेही फी आणि भत्त्यापुरते. पदवीनंतर संस्था तुम्हाला नोकरी देईल असे वाक्य त्यात कुठेही नाही. ‘विद्यार्थिनी सेवा देण्यास बांधील राहील’ एवढेच आहे. ‘कामाचे ठिकाण’ या शब्दांपुढे टिंबांची रांग आहे आणि ती रिकामी आहे. पगाराच्या जागी ‘संस्थेच्या नियमांनुसार मानधन’ असे लिहिले आहे. मध्येच सोडले तर किती भरावे लागेल, हा सगळ्यांच्या मनात येणारा पहिला प्रश्न असतो. त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की त्यांनी नोकरीच दिली नाही तर काय.

आता पैशांचा हिशेब पाहू. भत्ता चोवीस महिन्यांचा १,९२,००० रुपये होतो आणि फी धरून एकूण ३,००,००० रुपये. समजा, बाजारात तुमच्या कामाला जो पगार मिळाला असता त्यापेक्षा संस्थेचे मानधन दरमहा ६,००० रुपयांनी कमी आहे. छत्तीस महिन्यांत हा फरक २,१६,००० रुपये होतो. म्हणजे तीन लाखांच्या मदतीतली सव्वादोन लाखांच्या आसपासची रक्कम तुम्ही कमी पगाराच्या रूपाने आधीच फेडलेली असेल आणि खरी मदत ८४,००० रुपयांची उरेल. मानधनाचा आकडा कागदावर नसेल, तर ही मदत आहे की उचल, हे तुम्हाला आज कळण्याचा मार्गच नाही. आपल्या क्षेत्रात ‘सेवा’ हा शब्द इतका सैल वापरला जातो, की पगार विचारणाऱ्या मुलीलाच ओशाळल्यासारखे होते. विचारा, आणि आकडा लिहून घ्या.

परतफेडीचे कलम तर अधिकच एकांगी आहे. त्यानुसार पस्तीस महिने काम करून छत्तिसाव्या महिन्यात सोडले तरी पूर्ण तीन लाख द्यावे लागतील, आणि वर सरळ व्याज धरले तरी वर्षाला ५४,००० रुपये. रास्त पद्धत अशी, की केलेल्या प्रत्येक महिन्यागणिक देणे कमी व्हावे. तीन लाख भागिले छत्तीस, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. चोवीस महिने काम झाल्यावर बाहेर पडलात तर देणे एक लाखाचे. ही एक ओळ बदलून मागा. प्रामाणिक हेतूने पैसे देणारी संस्था ती नाकारणार नाही, असे मला वाटते.

कायदा काय म्हणतो, हेही तुम्ही विचारले आहे. कोणतेही न्यायालय तुम्हाला मनाविरुद्ध कामावर बसवत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार सक्तीने अमलात आणता येत नाही. प्रश्न पैशांपुरता उरतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारभंगाबद्दल मिळते ती वाजवी भरपाई. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारा हक्क नव्हे. कसूर झाल्यापासून वाढीव व्याज लावण्याची अटही दंडस्वरूप ठरू शकते, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. मात्र ‘बॉन्ड कोर्टात टिकत नाही’ असे जे तुमच्या वर्गमित्राने सांगितले, ते मुळीच धरून चालू नका. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा आणि ती न केल्यास दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तो अधिकारी वरच्या पगारावर होता आणि सरकारी बँकेला जागा भरायला पुन्हा खुली भरती करावी लागते, हे मुद्दे त्या निकालात वजनाचे ठरले. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीच्या बाबतीत त्यावरून वेगळा युक्तिवाद करता येईल, पण युक्तिवाद करावा लागणे म्हणजे वकील, तारखा आणि खर्च.

आईच्या सहीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आपल्याकडे चाळीत जामीन राहणे म्हणजे ‘मी हिला ओळखते’ असे सांगण्यासारखे मानले जाते. कायद्यात तसे नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते आणि संस्था तुमच्याकडे मागण्याआधी थेट आईकडे मागू शकते. जामीन द्यावाच लागला तर तो ठरावीक रकमेपुरता आणि ठरावीक तारखेपर्यंतचा असू द्या, आणि कराराचा मराठी मजकूर आईला वाचून दाखवा. कोरे धनादेश मात्र देऊच नका. सही केलेल्या कोऱ्या धनादेशावर समोरच्याने रक्कम भरली तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला होता असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याचा भार तुमच्यावर येतो. धनादेश न वटल्यास प्रकरण फौजदारी होते. मूळ गुणपत्रिका मागितल्या तर छायाप्रती द्या.

एक गोष्ट पत्रात नाही म्हणून विचारते: घरचे उत्पन्न पाहता तुम्ही सरकारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र आहात का, हे तपासले आहे का? पुढचे उत्तर त्यासाठी वाचा.

प्रश्न : महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती भरली आहे. सोबत संस्थेची सशर्त शिष्यवृत्तीही घेता येईल का? (एक विद्यार्थी, गोवंडी)

दोन शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येत नाहीत. त्यांतली एक निवडावी लागते. पुस्तके, साहित्य, राहणे-जेवण यांसाठी वेगळी मदत घेण्याची मात्र नियमांत सोय आहे. तेव्हा संस्थेला सांगा की फीचा भाग सरकारी योजनेतून होईल, तुम्ही वसतिगृह आणि पुस्तकांपुरते साहाय्य द्यावे आणि पत्रात तसेच शब्द लिहावेत. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर आधी सरकारी पैसे घ्यावेत, असेच मी कोणालाही सांगेन, कारण त्यांच्यामागे बॉन्ड नाही. ते उशिरा येतात, ही तक्रार खरी आहे. पण हप्ता लांबतो म्हणून तीन वर्षे लिहून देणे हा महागडा उपाय आहे. मधल्या काळासाठी संस्थेकडून बिनव्याजी उसने मागून पाहा. संस्थेचे साहाय्य कमी झाले की बॉन्डची मुदतही त्या प्रमाणात कमी झाली पाहिजे, हे मागायला विसरू नका.

प्रश्न : अशाच करारावर मी एमएसडब्ल्यू केले. तीन वर्षांपैकी अठरा महिने कुर्ल्याच्या वस्तीत काम झाले. आता कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी थांबला म्हणून प्रकल्प बंद होत आहे. संस्था म्हणते, नंदुरबारच्या प्रकल्पावर जा, नाहीतर राजीनामा दे आणि पैसे भर. माझे वडील डायलिसिसवर आहेत. (एक कार्यकर्ता, कल्याण)

राजीनामा लिहू नका. आज संध्याकाळपर्यंत करायचे काम हे एवढेच आहे. राजीनाम्याचा कागद गेला की करार तुम्ही मोडला, असे चित्र तयार होते. त्याऐवजी संस्थेला एक पत्र द्या आणि त्यात तीन वाक्ये लिहा: मी आजही कामावर हजर राहण्यास तयार आहे, माझे काम करारातील अमुक ठिकाणी ठरले होते, ते ठिकाण बंद होत असल्यास मुंबई परिसरातला पर्याय लेखी कळवावा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, कोणी सही देत नसेल तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. वडिलांच्या उपचाराचे रुग्णालयाचे कागद सोबत जोडा. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा असते आणि सोबत कोणीतरी लागते, हे स्पष्ट शब्दांत लिहा. ‘कौटुंबिक अडचण’ एवढ्यावर कोणी थांबत नाही.

तुमच्या करारात ‘मुंबई शहर व उपनगरांतील प्रकल्प’ असे शब्द आहेत, हे तुमचे नशीब म्हणा. काम देणे हे संस्थेचे वचन आहे आणि ते काम करणे हे तुमचे. परस्परांवर अवलंबून असलेल्या अशा वचनांत जे आधी पाळायचे तेच एका पक्षाने पाळले नाही, तर तो दुसऱ्याकडून पूर्तता मागू शकत नाही, असे करार कायद्याचे कलम ५४ सांगते; उलट नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. निधी थांबला ही संस्थेची अडचण खरी आहे आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण ती अडचण संस्था आणि कंपनी यांच्यातली आहे. तिचा हप्ता तुमच्या खात्यातून जाऊ नये.

अठरा महिन्यांच्या सेवेचे प्रमाणपत्र आताच मागा, प्रकल्पाचे कार्यालय उघडे आणि माणसे जागेवर असतानाच. पगाराच्या पावत्या, हजेरीची छायाचित्रे, भेटींच्या नोंदवह्या या सगळ्याची एक फाईल करा. नोटीस आलीच तर घाबरून हप्ते बांधून घेऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असले तरी तो हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. हे शेवटचे वाक्य विक्रोळीच्या भगिनींसाठीही आहे.

प्रश्न : माझ्या भाचीला कॅलिफोर्नियात एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळाला आहे. तिथे बालकल्याण खात्यात नोकरी करण्याचे लिहून दिले की सरकारच शिक्षणाचा खर्च देते, असे एजंटने सांगितले. त्या भरवशावर कर्ज कमी काढावे का? (एक वाचक, दादर)

योजना खरी आहे, भरवसा मात्र ठेवू नये. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा कायद्यात १९८० साली ‘टायटल फोर-ई’ हा भाग आला. राज्यांनी बालकल्याण सेवेसाठी माणसे घडवली तर त्या प्रशिक्षणाच्या खर्चातला ७५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलते. कॅलिफोर्नियात १९९० पासून विद्यापीठे आणि काउंट्यांची (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची) बालकल्याण खाती यांचे एक सहकार्य मंडळ चालते आणि एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांना त्यातून विद्यावेतन मिळते. जितकी वर्षे पैसे घेतले तितकी वर्षे सरकारी बालकल्याण खात्यात काम, असे सूत्र आहे.

अडचण व्हिसाची आहे. तुमची भाची विद्यार्थी व्हिसावर जाणार. शिक्षणानंतर तिला कामाची मुभा साधारण बारा महिन्यांची मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी पुढची चोवीस महिन्यांची वाढ समाजकार्याला नाही. दोन वर्षे पैसे घेतले तर दोन वर्षे काम करायचे आणि हातात परवाना एकाच वर्षाचा, हा हिशेब जुळत नाही. शिवाय या कामासाठी गाडी चालवण्याचा परवाना अपेक्षित असतो, कारण मुलांना घरोघरी जाऊन भेटायचे असते. लोकलच्या पासावर वाढलेल्या मुलीने तेवढे तरी इथूनच शिकून जावे. कर्जाचा अंदाज ही रक्कम शून्य धरून करा, आणि पात्रतेबद्दल एजंटला न विचारता विद्यापीठाच्या विभागाला थेट ईमेल करा.

त्या योजनेतली एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या संस्थांनी उचलण्यासारखी आहे. केंद्राच्या नियमांत विद्यार्थ्याची बांधिलकी सशर्त आहे: प्रशिक्षण संपल्यापासून दोन महिन्यांत नोकरी देऊ केली, तरच ती लागू होते. खात्याला नोकरी देता आली नाही, तर विद्यार्थ्याला बांधिलकीतून मोकळे करायचे असते. पैसे देणाऱ्यालाही मुदत असते, हा विचार मला मोलाचा वाटतो.

प्रश्न : आमचा छोटा न्यास आहे. दरवर्षी एमएसडब्ल्यूच्या दोन विद्यार्थ्यांना मदत करावी आणि नंतर त्यांनी आमच्या बालकांच्या कामात यावे, अशी इच्छा आहे. मागच्या खेपेस दोघेही सहा महिन्यांत सोडून गेले. बॉन्ड कडक कसा करावा? (एक विश्वस्त, मुलुंड)

या शहरात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षणच मुळी विश्वस्त निधीतून उभे राहिले. १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, तीच आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. तेव्हा तुमची इच्छा जुन्या आणि चांगल्या परंपरेतली आहे, हे आधी म्हणते. बॉन्ड कडक करण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे.

सरकारी महाविद्यालयातल्या डॉक्टरांचे उदाहरण तुम्ही दिले आहे. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवेची अट आहे, ती न केल्यास दहा लाख रुपये असा नियम राहिला आहे, आणि अशा बॉन्डना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्यता दिली. पण तिथे एका विद्यार्थ्यामागे होणारा सरकारी खर्च प्रचंड असतो आणि गावातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नसणे हा सार्वजनिक प्रश्न असतो. तुमचा न्यास दोन-तीन लाख खर्च करतो. त्यावर दहा लाखांचा दंड लिहिलात तर तो वसूल होणार नाही, फक्त चांगली मुले अर्जच करणार नाहीत. येतील ती दुसरा मार्ग नसलेली.

सहा महिन्यांत दोघे का गेले, हे त्यांना विचारलेत का? पत्रात त्याचे उत्तर नाही. बरीच वर्षे मी क्षेत्रकार्याची पर्यवेक्षक होते. नव्या कार्यकर्त्याला पहिल्याच महिन्यात लैंगिक अत्याचाराच्या केसेस एकट्याने हाताळायला देऊन, महिन्यातून एकदाही समोर बसून ‘काय झाले’ असे न विचारणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. बाल कल्याण समितीपुढे पहिल्यांदा उभे राहिलेल्या एका मुलाने मला दाखवलेली डायरी आठवते. त्या दिवसाच्या पानावर फक्त एवढेच होते: ‘मॅडमनी अहवाल परत दिला. काय चुकले ते कोणाला विचारू?’ त्याचा बॉन्ड दोन वर्षांचा होता. चौथ्या महिन्यात तो गेला, वडिलांनी शेतावर कर्ज काढून पैसे भरले. संस्थेला पैसे परत मिळाले, माणूस मिळाला नाही. तुम्हाला हवा आहे तो माणूस.

तेव्हा करारात दंडाच्या आधी तुमची वचने लिहा. एका वर्षाच्या मदतीला एका वर्षाची सेवा पुरे; दोनाला तीन नको. पगार तुमच्याकडच्या त्याच कामाच्या इतर कर्मचाऱ्यांइतकाच असावा आणि तो आकड्यात असावा. आठवड्यातून एक तास अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन मिळेल, हे कलम म्हणून लिहा. निकालानंतर दोन महिन्यांत नेमणूक दिली नाही तर विद्यार्थी मोकळा, हे अमेरिकेतले सूत्र जसेच्या तसे घ्या. परतफेड महिन्यागणिक कमी होणारी आणि बिनव्याजी ठेवा. प्रसूती रजेने मुदत पुढे सरकेल पण करार मोडल्याचे धरले जाणार नाही, हेही आधीच ठरवा, कारण अर्जदारांत मुली बऱ्याच असतील आणि वाद तिथेच होतात. गंभीर आजार किंवा कामाच्या ठिकाणी छळ झाल्यास पूर्ण सूट हवी. आणि तुमच्याऐवजी दुसऱ्या एखाद्या बालसंस्थेत किंवा सरकारी बालगृहात केलेले कामही सेवेत धराल का, याचा विश्वस्तांच्या बैठकीत विचार करा. तुमचा निधी मुलांसाठी आहे; त्या मुलांनी तुमच्याच पटावर असले पाहिजे असे नाही.

प्रश्न : असा करार किती रुपयांच्या मुद्रांकावर करावा आणि नोटरी लागते का? (एक पालक, डोंबिवली)

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर रुपयांच्या मुद्रांकाची जागा पाचशेने घेतली आहे, तेव्हा साध्या करारनाम्याला निदान पाचशेचा मुद्रांक धरा. तो खर्च संस्थेने करावा, असे म्हणायला हरकत नाही. करार वैध होण्यासाठी नोटरी आवश्यक नाही, मात्र सह्या कोणाच्या आणि कधी झाल्या याचा वाद तिच्यामुळे टळतो. मुद्रांक कमी पडला म्हणून करार रद्द होत नाही; तूट आणि दंड भरून तो पुराव्यात आणता येतो, त्यामुळे ‘मुद्रांकच नाही, मग काय होणार’ या समजुतीवर सही करू नका. प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या, रिकाम्या जागा आडव्या रेघेने बंद करा, आणि तुमची सहीची प्रत त्याच दिवशी, त्याच टेबलावरून उचला.